ग्लोव्ह्ज बदलूनही हात पुन्हा पुन्हा दुखत असेल तर

बॉक्सिंगच्या सरावाला येणाऱ्यांपैकी कोणाचा तरी हात दुखत नाही असा महिना क्वचितच जातो, आणि त्यावरचा बहुतेकांचा उपायही ठरलेला असतो: नवे ग्लोव्ह्ज घेणे. नवी जोडी येते, पहिले काही आठवडे बरे वाटते, मग टांगत्या बॅगवर जोरात क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारला की मुठीत तीच कळ उठते किंवा सराव संपल्यावर मनगट तसेच जड होते. पाऊस सुरू झाला की त्यात आतल्या कुबट वासाची, अंगठ्याच्या बेचक्यातल्या खाजेची आणि सोलून निघणाऱ्या वरच्या थराची भर पडते. मग पुन्हा दुकान, पुन्हा दुसरी कंपनी, या वेळी थोडी महाग जोडी. आणि दिवाळीच्या सुमारास तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. फोंड्याच्या आसपास नवोदितांचा सराव घेताना हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक वाटले.

माझ्या मते दोष सहसा कंपनीत किंवा किमतीत नसतो. ग्लोव्ह्जवर छापलेल्या औंसांच्या आकड्यावरून जोडी निवडली जाते आणि एकच जोडी सगळ्या कामांना वापरली जाते, या दोन गोष्टींत बहुतेक दुखण्यांचे मूळ असते. आपल्या गोव्याच्या हवेत तिसरी गोष्ट मिळते ती ओलाव्याची. तो चांगल्या निवडलेल्या जोडीलाही एका पावसाळ्यात बिघडवू शकतो. म्हणून पुढची जोडी विकत घेण्यापूर्वी आताची जोडी नेमकी कुठे कमी पडते हे शोधावे. दुखण्याची जागा त्याबद्दल बरेच काही सांगते.

आधी कोणते दुखणे ग्लोव्ह्जचे नाही ते पाहा

काही दुखण्यांत ग्लोव्ह्जचा विचार करत बसणे धोक्याचे आहे. करंगळीच्या रेषेत, तळहाताच्या मागच्या बाजूला सूज आली असेल, तिथला मुठीचा उंचवटा आत गेल्यासारखा दिसत असेल किंवा मूठ मिटताना करंगळी शेजारच्या बोटावर चढत असेल, तर त्या बोटामागचे लांब हाड मानेशी मोडलेले असण्याची शक्यता असते. अंगठा ताणून वर केल्यावर त्याच्या बुडाशी, मनगटाजवळ, एक खळगा दिसतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर मनगटातल्या स्कॅफॉईड या लहान हाडाची तपासणी करून घ्यावी. या हाडाला रक्तपुरवठा बेताचा असतो, त्याची चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधी कधी दिसत नाही, आणि दुर्लक्ष झाले तर ते जुळतच नाही. म्हणून पहिला फोटो स्वच्छ आला तरी दुखणे टिकून राहिल्यास डॉक्टर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावतात, आणि तिथे जाणे टाळू नये. मधल्या बोटाच्या उंचवट्यावरची कंडरा मूठ मिटताना एका बाजूला घसरल्यासारखी जाणवत असेल, किंवा बोटांना मुंग्या येऊन बधिरपणा राहत असेल, तरीही सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय असो की म्हापसा व मडगावची जिल्हा इस्पितळे असोत, अस्थिरोगाची सोय आपल्यापासून फार लांब नाही. मोडलेल्या हाडावर जाड फोम चढवून सराव चालू ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या हाताचे नुकसान पुढे कोणत्याच ग्लोव्ह्जने भरून निघत नाही.

औंसांचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

एक औंस म्हणजे सुमारे 28.35 ग्रॅम. सोळा औंसांचा ग्लोव्ह म्हणजे एका हाताला सुमारे 450 ग्रॅम वजन, इतकेच तो आकडा सांगतो. ते वजन मुठीच्या पुढच्या फोममध्ये आहे, मनगटावरच्या लांब कफमध्ये आहे, जाड चामड्यात आहे की अस्तरात, हे आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे चौदा औंसांच्या दोन जोड्या शेजारी ठेवल्या तर एकीचा पुढचा भाग भरगच्च आणि दुसरीचा चपटा असू शकतो. आतली हाताची पोकळीही कंपनीनुसार बदलते. "मला बारा औंस बसतात" हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. त्या कंपनीच्या त्या प्रकारातले बारा औंस बसतात, एवढेच खरे.

दुसरा गोंधळ स्पर्धेमुळे होतो. 2023 साली सदतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यांत बॉक्सिंगही होते, आणि त्या पाहून आलेल्या पुष्कळ मुलांनी आमच्याकडे पहिला प्रश्न केला तो स्पर्धेतल्यासारख्या ग्लोव्ह्जचा. ऑलिम्पिक पद्धतीच्या लढतींत वजनगटानुसार दहा किंवा बारा औंसांचे ग्लोव्ह्ज असतात, आणि व्यावसायिक लढतींत साधारणपणे 147 पौंडांपर्यंत आठ औंस व त्यावरच्या गटांना दहा औंस अशी पद्धत आहे. हे सगळे ग्लोव्ह्ज काही मिनिटांच्या लढतीसाठी बनवलेले असतात. सरावात तोच हात आठवड्यातून चार-पाच दिवस बॅगवर शेकडो वेळा आपटतो, आणि त्याला स्पर्धेच्या जोडीतला पातळ थर पुरत नाही. मेक्सिकोच्या क्लेटो रेयेस या कंपनीचे लढतीचे ग्लोव्ह्ज घोड्याच्या केसांच्या भरणासाठी नावाजलेले आहेत. पण केसांचे भरण वापरता वापरता मुठीवरून बाजूला सरकते आणि पातळ होते, म्हणून रोजच्या बॅगवर नवोदिताने ते वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ढोबळ अंदाज द्यायचा तर बॅग आणि पॅडवर्कसाठी (प्रशिक्षकाने हातात धरलेल्या गाद्यांवर ठोसे मारण्यासाठी) पन्नास किलोच्या आतल्या माणसाला दहा औंस, त्यापुढे साधारण अडुसष्ट किलोपर्यंत बारा, ऐंशीच्या आसपास चौदा आणि त्यावर सोळा अशी सुरुवात करावी. स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, मात्र समोरच्याच्या डोक्याचा विचार आधी येतो, म्हणून साठ-पासष्ट किलोपर्यंत चौदा व त्यावर सोळा औंसांपेक्षा कमी घेऊ नये. लहान मुलांसाठी सहा आणि आठ औंसांच्या जोड्या मिळतात. मुलाचा हात वाढतो आहे म्हणून दोन वर्षे पुरतील असे मोठे ग्लोव्ह्ज घेणाऱ्या पालकांना मी नेहमी विनंती करतो की बूट मोठे घ्या, ग्लोव्ह्ज नकोत, कारण सैल ग्लोव्हमध्ये त्या कोवळ्या मनगटाला आधार उरत नाही.

दुखते कुठे?

तर्जनी आणि मधल्या बोटाचे उंचवटे, म्हणजे ज्यांना आपण नकल्स म्हणतो, तेच दुखत असतील तर ठोसा योग्य जागी लागतो आहे आणि फोम थकला आहे, असा अर्थ बहुधा निघतो. ग्लोव्ह टेबलावर ठेवून अंगठ्याने नकल्सच्या जागी दाबा आणि मग त्याच ग्लोव्हच्या मनगटाकडच्या बाजूला, जिथे मार बसत नाही, तितक्याच जोराने दाबा. मार बसणाऱ्या जागी अंगठा लगेच खाली जाऊन तळाशी टेकतो आणि सोडल्यावर खळगा हळूहळू भरतो, असे असेल तर तो थर संपला. बाहेरून चामडे चकचकीत असले तरी फरक पडत नाही. आमच्याकडे एका मुलाची अशीच जोडी शेवटी उसवून पाहिली. वरच्या दोन थरांमध्ये नकल्सच्या जागी दोन चपटे, घट्ट डाग पडले होते आणि बाजूचा फोम जवळजवळ नवा होता. जुन्या गादीतला कापूस झोपण्याच्या जागी दबतो तसा तो नेमका त्या दोन ठिकाणी बसला होता. तो दीड इंच रुंदीचा पट्टाच हात वाचवत होता, आणि बाकीची जोडी धडधाकट दिसत असल्यामुळे तिच्यावर संशय कोणी घेतला नव्हता.

नकल्सवरची कातडी सोलली जात असेल पण हाड दुखत नसेल तर कारण वेगळे आहे: हात आत सरकतो आहे. ग्लोव्ह सैल आहे, ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी नीट बांधलेली नाही, किंवा आतले अस्तर फाटून त्याची शिवण उघडी पडली आहे. ग्लोव्हमध्ये बोटे घालून अस्तर चाचपले की फाटलेली जागा लगेच सापडते.

अनामिका आणि करंगळीचे उंचवटे दुखणे हा प्रकार अधिक गंभीर मानावा, कारण ती हाडे बारीक असतात आणि ठोसा तिथे लागणे म्हणजे मूठ चुकीच्या कोनात पोचते आहे. तंत्राचा भाग प्रशिक्षकाने पाहावा, पण ग्लोव्हही त्याला कारण होऊ शकतो. नवा ग्लोव्ह इतका ताठ असतो की मूठ पूर्ण मिटतच नाही आणि अर्धवट उघडा हात वळून पडतो. पट्टी तळहातावर फार जाड बांधली तरी तेच होते. पट्टी बांधून, ग्लोव्ह घालून, फार जोर न लावता मूठ मिटते का ते पाहा. बोटांची टोके पुढच्या टोकाला नुसती टेकली पाहिजेत. दुमडून दाबली जात असतील तर जोडी लहान आहे, आणि टोकाशी बोटभर जागा रिकामी राहत असेल तर मोठी. तळहाताच्या बाजूला शिवलेली जी पकडपट्टी असते, ती बोटांच्या खाचेत बसते की तळव्याच्या मधोमध येते, हेही तपासा. ती चुकीच्या जागी आली तर मूठ मिटण्यासाठी पंजाला सतत ताण द्यावा लागतो आणि सरावानंतर कोपरापर्यंतचा स्नायू दुखतो.

याच ठिकाणी बॅगचीही चौकशी करावी. कापडाच्या चिंध्या भरलेली टांगती बॅग काही महिन्यांत खाली बसते. वर मऊ आणि कमरेच्या उंचीला अगदी दगड, अशी तिची अवस्था होते, आणि त्यात वजन वाढवण्यासाठी वाळूच्या पिशव्या टाकलेल्या असतील तर त्या फुटून तळाशी जमतात. शरीरावरचे ठोसे मारतानाच हात दुखतो, डोक्याच्या उंचीचे मारताना दुखत नाही, असे लक्षात आले तर ग्लोव्ह्जवर खर्च करण्याआधी बॅग उतरवून, मोकळी करून, पुन्हा समान भरून घ्यावी. पावसाळ्यात चिंध्या ओल शोषतात आणि बॅग आणखी कठीण होते, हे आपल्याकडे हमखास घडते.

मनगट दुखणाऱ्यांनी कफ पाहावा. वेल्क्रोचा पट्टा नवा असताना घट्ट पकडतो, पण त्याच्या आकड्यांत पट्टीचे धागे, केस आणि धूळ अडकली की तो मध्येच सुटतो आणि मनगट डुगडुगते. मिरामार किंवा कोलव्याच्या वाळूवर सकाळचा सराव करणाऱ्यांच्या बाबतीत तर वाळूचे कण त्या आकड्यांत घट्ट बसतात. जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि हट्टी धाग्यांसाठी सुईने तो पट्टा साफ केला, तर पुष्कळदा मेलेली वाटणारी जोडी पुन्हा उपयोगी पडते. आधार तपासण्याची सोपी रीत अशी: पट्टी बांधून, ग्लोव्ह आवळून, मूठ भिंतीला टेकवा आणि शरीराचे वजन सावकाश पुढे टाका. मनगट वर, खाली किंवा बाजूला मोडत असेल तर कफ आखूड आहे किंवा सैल आहे. लेसचे ग्लोव्ह्ज मनगट सर्वांत चांगले धरतात यात वाद नाही, पण त्या बांधायला दुसरा माणूस लागतो आणि एकट्याने सराव करणाऱ्याला ते जमत नाही. अशा माणसाने लांब कफ आणि दुहेरी वेल्क्रो असलेली जोडी पाहावी.

हणजूण-मोरजीच्या पट्ट्यात मुआय थाय हा लाथा-ठोशांचा थाई खेळ शिकवणारे वर्ग आहेत आणि तिथून वापरलेले ग्लोव्ह्ज स्वस्तात मिळाले म्हणून काही जण बॉक्सिंगला घेऊन येतात. त्या खेळात प्रतिस्पर्ध्याची मान धरावी लागते, लाथा अडवाव्या लागतात, म्हणून त्या ग्लोव्ह्जचा कफ आखूड व लवचीक असतो, पंजा जास्त उघडतो आणि फोम हाताच्या मागच्या बाजूवरही पसरलेला असतो. त्या खेळासाठी ती रचना उत्तम आहे. बॉक्सिंगच्या बॅगवर मात्र त्याच वजनात नकल्सपुढे थर कमी आणि मनगटाला आधार कमी मिळतो, आणि मनगट का दुखते याचे उत्तर तिथेच असते.

अंगठा दुखत असेल तर तो ग्लोव्हमध्ये मुठीच्या कडेला नैसर्गिक बसतो की बाहेर ताणलेला राहतो, ते पाहावे. हूक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, मारताना बाहेर राहिलेला अंगठा आधी लागतो. ग्लोव्हचा अंगठा मुठीच्या भागाला शिवून जोडलेला असेल अशीच जोडी घ्यावी. आता बहुतेक चांगल्या जोड्या तशाच येतात.

पट्टीशिवाय माप घेऊ नये

ग्लोव्ह्ज घेताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे ते मोकळ्या हाताने घालून पाहणे. साडेचार मीटरची पट्टी बांधलेला हात आणि मोकळा हात यांत बराच फरक असतो. दुकानात मोकळ्या हाताला छान बसलेली जोडी घरी पट्टीवर चढत नाही, मग पट्टी पातळ केली जाते किंवा सोडूनच दिली जाते, आणि दुखण्याला वाट मिळते. पणजी, मडगाव, म्हापसा इथल्या क्रीडा साहित्याच्या दुकानांत जाताना स्वतःची पट्टी बरोबर न्यावी आणि संकोच न करता सांगावे, "काका, पट्टी बांधून एकदा घालून बघतो, मगच ठरवतो." चांगला दुकानदार कधीच हरकत घेत नाही. शक्य असेल तर संध्याकाळी किंवा सरावानंतर जावे, कारण दमट उकाड्यात दिवसभर वावरलेला हात सकाळपेक्षा थोडा सुजलेला असतो आणि सराव आपण त्याच हाताने करतो.

पट्टीही पाहून घ्यावी. मोठ्यांना साधारण साडेचार मीटर, लहान मुलांना त्याहून आखूड. थोडी ताणली जाणारी पट्टी हाताशी चांगली बसते आणि साधी सुती पट्टी घामाने लवकर सैल पडते. हातमोज्यासारख्या घालायच्या जेलच्या तयार पट्ट्या सोयीच्या आहेत, पण मनगटाला त्या पुरेसा आधार देत नाहीत. मनगट दुखणाऱ्याने त्यांचा नाद सोडावा.

घरबसल्या मागवणाऱ्यांनी नकल्सभोवतीचा हाताचा घेर मोजून त्या त्या कंपनीच्या मापतक्त्याशी ताडून पाहावा आणि परत करण्याची सोय असल्याची खात्री करावी. जालंधर आणि मेरठ ही आपल्या देशातली क्रीडा साहित्याची मोठी केंद्रे आहेत, तिथे बनलेल्या अनेक जोड्या बाजारात आहेत आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. परदेशी नाव नसले म्हणून नाकारण्याचे कारण नाही. जोडी हातात आल्यावर अंगठ्याच्या बुडाची आणि तळव्याची शिवण ओढून पाहावी, दोन्ही ग्लोव्ह्जच्या नकल्सचा फोम सारखाच दाबला जातो का ते पाहावे, आणि घरातच पट्टी बांधून दहा मिनिटे सावलीशी, म्हणजे हवेतच, ठोसे मारून पाहावेत. ज्या मुलींचे आणि स्त्रियांचे पंजे अरुंद आहेत, त्यांनी औंस कमी करण्याऐवजी अरुंद पोकळीची जोडी शोधावी. केवळ हात लहान म्हणून आठ औंस घेतले की नकल्सवरचा थरही कमी होतो, आणि मोठ्या माणसाच्या वजनाला तो पुरत नाही.

पावसाळ्यातला बिघाड

गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वरच असते, आणि घामाने भिजलेला ग्लोव्ह एका रात्रीत आतून वाळतच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या फोमवर पुन्हा घाम आणि पुन्हा मार बसतो. फोम लवकर थकतो, अस्तर कुजते, आणि आत बुरशी धरली की बोटांच्या बेचक्यांत गजकर्ण उठते. पुष्कळांचे "पावसात हात जास्त दुखतो" हे म्हणणे मी याच्याशीच जोडतो.

स्वस्त जोड्यांचे वरचे आवरण बहुधा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचे असते. उष्ण आणि दमट हवेत या पदार्थाचे पाण्याशी संयोग होऊन विघटन होते, म्हणून न वापरता कपाटात ठेवलेली जोडीही दोन-तीन वर्षांत चिकट होते व पापुद्र्यासारखी सुटू लागते. तो घडवणीचा दोष आहे असे समजून लोक दुकानदाराशी वाद घालतात. प्रत्यक्षात तो त्या पदार्थाचा स्वभाव आहे आणि आपल्या हवेत तो लवकर प्रकट होतो. चांगले गाईचे, म्हशीचे किंवा बकरीचे चामडे यापुढे टिकते, पण त्याच्यावर बुरशी सहज धरते आणि ते पुसत राहावे लागते. रोज सराव करणाऱ्याने चामडे किंवा चांगल्या प्रतीचे मायक्रोफायबर घ्यावे, आणि आठवड्यातून एक-दोनदा येणाऱ्याने पीयूवर समाधान मानले तरी चालेल, अशी माझी शिफारस असते.

सर्वांत वाईट जागा म्हणजे स्कूटरची डिकी. सरावानंतर ओले ग्लोव्ह्ज डिकीत टाकून आपण घरी जातो, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो, संध्याकाळी तिथूनच ते काढतो. चोवीस तास बंद, गरम, ओलसर जागेत राहिलेल्या ग्लोव्हची अवस्था आत हात घालताच कळते. चतुर्थीच्या सुट्टीत तर ही गोष्ट आठवडाभर लांबते. गणपती विसर्जनानंतर पिशव्या उघडल्या जातात तेव्हा तळव्यावर आणि वेल्क्रोच्या कडेला पांढरे-हिरवे ठिपके पसरलेले असतात.

उपाय फार कष्टाचा नाही. सराव संपल्यावर लगेच पट्टी काढून ती धुवायला टाकावी, ग्लोव्ह आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसावा, पट्टा पूर्ण उघडून तोंड रुंद करावे आणि वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबावेत. अर्ध्या-एक तासाने ते ओले बोळे काढून कोरडे भरावेत आणि ग्लोव्ह पंख्याखाली, तोंड पंख्याकडे करून ठेवावा. उन्हात गच्चीवर वाळवण्याचा मोह टाळावा, कारण कडक उन्हाने चामडे तडकते आणि फोम ताठ होतो. हेअर ड्रायरचेही तेच. धुण्याच्या यंत्रात घालणे म्हणजे जोडी फेकून देणेच आहे. डांबराच्या गोळ्या आत टाकू नयेत, त्यांचा वास आणि अंश हाताला लागतो. सिलिका जेलच्या पुड्या चांगल्या, मात्र त्या अधूनमधून बदलाव्यात. बुरशीचे ठिपके दिसलेच तर घराबाहेर कोरड्या कापडाने ते पुसून, पाण्यात थोडे व्हिनेगर घालून त्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुन्हा पुसावे आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे. आतल्या अस्तरात खोलवर बुरशी गेली असेल तर ती जोडी वाचवण्याचा आग्रह धरू नये, आणि गजकर्ण असलेल्याने सामाईक ग्लोव्ह्ज घालू नयेत. क्लबच्या सामाईक जोड्यांमधून हा त्रास सगळ्या तुकडीत पसरतो.

एक जोडी की दोन

इथे खर्चाचा प्रश्न येतो आणि तो खरा आहे. बॅगसाठी एक आणि स्पारिंगसाठी एक अशा दोन जोड्या असणे हे मी हट्टाने सांगतो, कारण बॅगवर कठीण झालेला फोम समोरच्या मुलाच्या कपाळावर आणि डोळ्यांवर तितकाच कठीण लागतो. दोन जोड्या परवडत नसतील तर पहिले काही महिने स्पारिंग नसतेच, तोवर बॅगसाठी बारा-चौदा औंसांची एक चांगली जोडी घ्यावी, आणि स्पारिंग सुरू होईल तेव्हा सोळा औंसांची दुसरी घ्यावी. दोन सराव-मित्रांनी मिळून स्पारिंगची जोडी घेण्याची पद्धतही चालते, मात्र दोघांचे हात सारख्या मापाचे असावेत आणि प्रत्येकाने स्वतःची धुतलेली पट्टी वापरावी.

स्पारिंगची जोडी कालांतराने मऊपणा गमावते, तेव्हा नकल्सची दाबचाचणी घेऊन थर अजून पुरेसा असल्यास ती बॅगकडे वळवता येते. उलट दिशेने, म्हणजे बॅगवर थकलेली जोडी स्पारिंगला आणणे, कधीही करू नये. गोंधळ होऊ नये म्हणून आमच्याकडे प्रत्येक जोडीच्या कफच्या आत न पुसणाऱ्या पेनाने खरेदीचा महिना आणि "बॅग" किंवा "स्पारिंग" असे लिहिले जाते, आणि स्पारिंगच्या आधी प्रशिक्षक तो शब्द वाचून, नकल्सवर अंगठा दाबून मगच हात बांधू देतात.

एवढे करूनही दुखणे पुन्हा येत असेल तर दोन आठवडे बॅग पूर्ण बंद ठेवावी, पायांचा आणि सावलीशी ठोशांचा सराव चालू ठेवावा, मग पॅडवर हलक्या हाताने सुरुवात करून दुखत नाही याची खात्री झाल्यावरच बॅगकडे वळावे. तेव्हाही सर्वांत मऊ बॅगवर, निम्म्या जोराने, आणि ज्या हाताला त्रास होता त्या हाताच्या ठोशांवर प्रशिक्षकाची नजर ठेवून. त्या टप्प्यावर तीच कळ पुन्हा उठली तर पुढची जोडी मागवू नये. हात डॉक्टरांना दाखवावा.